अभ्यास उद्या, धंदा पुढच्या सीझनला: चालढकलीच्या मागे नेमकं काय असतं?



मागच्या व्हिडिओत मी राजापूरच्या बॅचमधल्या एका मुलीचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, तिचं पुढे काय झालं?" व्हिडिओत तेवढा वेळ नव्हता, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. तिचं नाव सांगणार नाही. पण वाचताना तुम्हाला स्वतःचंच नाव आठवलं, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. घर पाचलच्या बाजूला, परड्यात रातांब्याची सात-आठ झाडं. आई दरवर्षी सोलं करते, आगळ काढते आणि ते सगळं मुंबईच्या नातेवाइकांत वाटून संपतं. गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत एक बाटली. ऑक्टोबरमध्ये मुलीच्या डोक्यात आलं, की या वर्षी आगळ नीट बाटल्यांत भरून विकायचं. कल्पना चांगलीच होती. तिने वहीत हिशोब मांडला, ब्रँडला नाव शोधलं, लेबलचं चित्रसुद्धा काढलं. राहिलं होतं ते एवढंच: अन्नपदार्थ विकायला लागणारी नोंदणी, बाटल्या कुठून आणायच्या त्याची चौकशी आणि चार दुकानदारांना चव दाखवणं.

ते "प्रोजेक्ट सबमिट झाला की" करायचं ठरलं. कॉलेजचा प्रोजेक्ट तिने शेवटच्या दोन रात्री जागून पूर्ण केला. मग "परीक्षा झाली की". मग "निकाल लागू दे". तोवर मे उजाडला, रातांबे लाल झाले. कोकमाचं गणित तुम्हाला माहीत आहे. फळ पिकल्यापासून पाऊस लागेपर्यंत जे काही दिवस मिळतात तेवढ्यातच फोडायचं, रस काढायचा, साली वाळवायच्या. पाऊस लागला की साली वाळत नाहीत, त्यांना बुरशी धरते. घरात बाटली नाही, नोंदणी नाही. शेवटी दारात आलेल्या व्यापाऱ्याने जो भाव सांगितला त्या भावाने माल गेला.

तोटा किती झाला? पैशाचा म्हणाल तर फार नाही. पण रातांबे वर्षातून एकदाच येतात. तीन-चार आठवड्यांत उरकण्यासारखी कामं मागे ठेवली, त्याची किंमत पूर्ण वर्ष झाली. आणि त्यापेक्षा महाग पडलं ते तिने काढलेलं निदान. पावसाळ्यात बॅचला आली तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, मी मुळातच आळशी आहे. माझ्याच्याने धंदा व्हायचा नाही."

हे निदान मला मान्य नाही. का, ते सांगतो.

आळशी माणूस पहाटे चारला उठत नाही

याच मुलीने एप्रिलभर मामाच्या बागेचा आंबा भरला होता. पहाटे उठून फळं निवडायची, आकारावर वेगळी करायची, पेटीत गवत घालून थर लावायचे, गाडी सुटायच्या आत पेट्या बांधून तयार. एकाही दिवशी "उद्या भरते" म्हणाली नाही. म्हणू शकतच नव्हती, हापूस थांबत नाही.

आपल्या भागाचंच बघा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मिळून कोकण विभागीय मंडळ होतं, आणि दहावी-बारावीच्या निकालात हा विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२५ मध्ये बारावीला ९६.७४ टक्के, दहावीला ९८.८२ टक्के. आळशी मुलांचा विभाग असा सतत पहिला येईल का? मग हीच मुलं पदवी झाल्यावर "बघूया, करूया" म्हणत तीन-तीन वर्षं कशी काढतात? कारण परीक्षेला हॉलतिकीट असतं. त्यावर तारीख छापलेली असते, ती तुम्ही ठरवलेली नसते आणि तुमच्या मर्जीने पुढे जात नाही. धंद्याला हॉलतिकीट नाही.

आणि पावसाळ्यात अर्जुनेचं पाणी जवाहर चौकाकडे सरकायला लागलं, की राजापूरचा कुठला दुकानदार "माल उद्या हलवतो" म्हणतो? रात्री दोन वाजतासुद्धा सगळी बाजारपेठ माल वर चढवत असते. तीच माणसं जीएसटीचं काम मात्र शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवतात.

म्हणजे चालढकल हा माणसाचा पक्का स्वभाव नव्हे. एकच माणूस एक काम वेळेत करतो आणि दुसरं ढकलतो. त्यामुळे विचारायचं हे, की ढकललेल्या कामात असं काय असतं जे पेटी भरण्यात नसतं?

या प्रश्नाचा अभ्यास सगळ्यात जास्त विद्यार्थ्यांवर झाला आहे, कारण विद्यार्थी हातात सापडतात आणि चालढकल भरपूर करतात. १९८४ मध्ये लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांना, तुम्ही किती ढकलता एवढंच विचारलं नाही, का ढकलता हेही विचारलं. उत्तरांतून दोन मोठी कारणं पुढे आली: अपयशाची भीती, आणि काम नकोसं वाटणं. पेटी भरताना दोन्ही नसतात. पेटी वाईट भरली तर मामा ओरडेल, पुन्हा भरायची, संपलं. पण स्वतःच्या नावाचं आगळ दुकानदाराने नाकारलं तर? तेव्हा नाकारलं गेलं ते आगळ की मी, असा प्रश्न पोरीच्या पोटात उभा राहतो.

मनातले "पाहिजेच"

इथे अल्बर्ट एलिस हे नाव सांगायला हवं. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ, जन्म १९१३, मृत्यू २००७. विवेकनिष्ठ मानसोपचार ही पद्धत त्यांची. महाराष्ट्रात ती रुजवण्याचं मोठं काम कि. मो. फडके यांनी केलं. एलिस यांच्याशी त्यांचा कित्येक वर्षं पत्रव्यवहार होता. मराठीत वाचायचं असेल तर अंजली जोशी यांचं 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक मिळतं. एलिस यांनी विल्यम नॉस यांच्यासोबत १९७७ मध्ये खास चालढकलीवर एक पुस्तक लिहिलं होतं.

त्यांचं म्हणणं साध्या भाषेत असं: घटना आपल्याला थेट हलवत नाही, घटना आणि आपण यांच्यामध्ये एक विचार उभा असतो. दुकानदार "नको" म्हणाला ही घटना. "म्हणजे माझ्यात काही दम नाही" हा विचार. आणि दुसऱ्या दुकानात न जाता घरी परतणं हा परिणाम. आपण समजतो की दुकानदारामुळे परतलो. खरं तर मधल्या विचाराने परत आणलं. आणि असे विचार बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या "पाहिजेच"वर उभे असतात. मला जमलंच पाहिजे. लोकांनी मला नीट वागवलंच पाहिजे. काम सोपं असलंच पाहिजे. इच्छा असणं ठीक आहे, "जमलं तर फार बरं" हे म्हणणं ठीक आहे. इच्छेची अट झाली की घोटाळा सुरू होतो.

तुम्ही म्हणाल, सर, असं "पाहिजेच" कोणी तोंडाने म्हणत नाही. बरोबर. ते वेगळ्या कपड्यांत येतं. बॅचमध्ये मला सगळ्यात जास्त भेटणारे कपडे सांगतो.

एक म्हणजे "पहिल्यांदाच एकदम परफेक्ट करायचं". कोकणात ही हौस जरा जास्तच आहे, कारण गाव लहान आणि बघणारे डोळे खूप. लेबल परफेक्ट, बाटली परफेक्ट, नाव परफेक्ट. ऐकायला हा दर्जाचा आग्रह वाटतो. पण दर्जाचा आग्रह असलेला माणूस चार नमुने करून बघतो. ही मंडळी एकही करत नाहीत. कारण केलेला नमुना चुकू शकतो, न केलेला कधीच चुकत नाही.

परीक्षेतही हेच चालतं. शेवटच्या रात्री अभ्यास केला आणि कमी गुण पडले, तर म्हणता येतं, "एका रात्रीत एवढे पडले, वेळ दिला असता तर बघ!" हुशारीवर डाग येत नाही, दोष वेळेवर जातो. चालढकल आपल्याला फुकटात हे संरक्षण देते, म्हणून ती इतकी गोड लागते. धंद्यात हेच वाक्य असं होतं: "मी मनावर घेतलं असतं तर केव्हाच केलं असतं." हे वाक्य म्हणणारी साठीची माणसं मी पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील, प्रत्येक वाडीत एक तरी असतो.

दुसरा कपडा "लोक काय म्हणतील, हसतील". हसतील, खरंच हसतील. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण "हसले तर वाईट वाटेल" आणि "हसले तर मी संपलो" यांत अंतर आहे. एलिस यांची स्वतःची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. १९ वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची प्रचंड भीती वाटायची. म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी दिसेल तिच्याशी बोलायचंच, असं ठरवलं. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे साधारण १३० जणी झाल्या. ३० उठून निघून गेल्या. १०० जणींशी थोडंफार बोलणं झालं. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आली नाही. विक्रीच्या भाषेत शून्य टक्के यश! पण त्यांच्या लक्षात आलं, की कोणी ओरडलं नाही, पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही. भीती तिथे फुटली.

तिसरा कपडा मूडचा. "आतून वाटलं पाहिजे, मग मी झपाटून करतो." राजापूरकरांना हे समजावणं मला सोपं जातं, कारण उन्हाळ्याची गंगा आहे. साधारण तीन वर्षांनी येते म्हणतात, पण येते तेव्हा येते. कधी लवकर, कधी उशिरा, न सांगता. चौदा कुंडं भरतात, लोक हातातलं काम टाकून आंघोळीला धावतात आणि काही दिवसांनी ती जाते. त्याच गावात, नदीच्या बाजूला गरम पाण्याचा झराही आहे. तो बाराही महिने वाहतो. त्याची बातमी होत नाही. आता धंद्याचं पाणी कुठून भरायचं ते तुम्हीच ठरवा.

बरं, मूडची वाट बघण्यात एक सरळ चूकही आहे. आपल्याला वाटतं, आधी मूड येतो आणि मग काम सुरू होतं. पुष्कळदा काम सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी मूड येतो. फ्यूशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल हे चालढकलीचे संशोधक २०१३ मध्ये म्हणाले ते मला पटतं. त्यांच्या मते चालढकल हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनःस्थितीचा मामला आहे. नकोसं काम समोर आलं की बेचैनी येते, काम बाजूला ठेवलं की लगेच बरं वाटतं. तेवढ्या बरं वाटण्यासाठी आपण पुढचा महिना गहाण टाकतो. म्हणून नवीन डायरी आणून, मोबाइलमध्ये प्लॅनर टाकून फारसा फरक पडत नाही. माझ्याकडेच जानेवारीपर्यंत भरलेल्या चार डायऱ्या आहेत.

पण थांबा, नुसते विचार बदलून भागत नाही

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, डोक्यातले "पाहिजेच" पुसले की झालं. अनेक शिबिरांत हेच शिकवतात. माझं मत जरा वेगळं आहे, आणि त्याला आधारही आहे. कॅनडातले संशोधक पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये तोवर झालेले शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले. अविवेकी समजुती आणि चालढकल यांचा संबंध निघाला, पण कमजोर. त्यापेक्षा जोरदार संबंध निघाला तो काम नकोसं असण्याचा, "हे मला जमेल" हा भरवसा कमी असण्याचा, मोहाला चटकन बळी पडण्याचा, आणि फळ किती लांब आहे याचा. फळ जितकं लांब, तितकं आजचं काम हलकं वाटतं.

म्हणजे समजुतींबरोबर भविष्याचाही हिशोब करावा लागतो. तुमच्या मनात पुढचं वर्ष कसं दिसतं? जवळ दिसतं की धुक्यात? तुमच्या हातात आहे असं वाटतं की कोणाच्या तरी?

फिलिप झिंबार्डो आणि जॉन बॉइड यांनी १९९९ मध्ये माणसं काळाकडे कशा नजरेने बघतात याची एक मोजपट्टी तयार केली. त्यातल्या तीन नजरा आपल्या कामाच्या. एक, पुढचं बघून आज वागणारी. दुसरी, आजची मजा बघणारी. तिसरी, "जे व्हायचं ते होणार, आपल्या हातात काय आहे" म्हणणारी. पुढच्या अभ्यासांत दिसत गेलं, की पहिल्या नजरेची माणसं चालढकल कमी करतात आणि "आपल्या हातात काय" म्हणणारी जास्त करतात.

आता राजापूर तालुक्यातल्या पंचवीस वर्षांच्या मुलाच्या जागी उभे राहा. लहानपणापासून त्याने काय ऐकलं? जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प येणार. फ्रान्सच्या कंपनीशी करार २०१० मध्ये झाला, तेव्हा तो शाळेत होता. मग नाणारला रिफायनरी येणार. २०१९ मध्ये त्याची अधिसूचना रद्द झाली. मग बारसू, २०२३ मध्ये माती तपासणीवरून आंदोलन झालं. प्रकल्प हवा की नको या वादात मी इथे शिरत नाही, दोन्ही बाजूंची माणसं माझ्या बॅचमध्ये शेजारी-शेजारी बसतात. मला दिसतं ते एवढंच, की आपलं भविष्य दुसरीकडे कुठेतरी ठरतंय, हे ऐकत एक पिढी मोठी झाली. त्यात चौपदरीकरण २०११ पासून चाललेलं. त्यात घरात ठरलेलं वाक्य, "मुंबईला गेलास की बघू." अशा मुलाने "आपल्या हातात काय" म्हटलं तर ते त्याच्या डोक्यातला बिघाड म्हणून सोडून देता येत नाही. त्याने पाहिलेल्या जगातून काढलेला तो निष्कर्ष आहे. फक्त तो निष्कर्ष जिथे लागू नाही तिथेही लावला जातो. रिफायनरीचं काय होणार हे तुमच्या हातात नसेल. आगळाच्या बाटलीवरचं लेबल कोणाच्या हातात आहे?

उलट बाजूही तितकीच फसवी आहे, आणि इथे मला माझीच चूक कबूल करायची आहे. दोन वर्षांपूर्वी मी एक व्हिडिओ केला होता: डोळे मिटा, पाच वर्षांनंतरचं आपलं दुकान बघा, गाडी बघा, रोज सकाळी बघा. तो व्हिडिओ चांगला चालला. आज तसा करणार नाही. गॅब्रिएल ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतले नुकतेच पदवी घेणारे विद्यार्थी होते. चांगल्या नोकरीची सुखद स्वप्नं जे वारंवार रंगवत होते, त्यांनी पुढच्या दोन वर्षांत अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्यांच्या ऑफर कमी आल्या आणि पगारही कमी मिळाला. ज्यांना "आपल्याला नोकरी मिळेल" असा मागच्या अनुभवावर आधारलेला भरवसा होता, त्यांचं बरं चाललं. स्वप्न रंगवताना मनाला फळ मिळाल्याचं थोडं समाधान आजच मिळतं, आणि मग उठून अर्ज भरायची निकड कमी होते. आपल्या मुलीने ब्रँडला नाव शोधून, लेबलचं चित्र काढून ऑक्टोबरमध्येच ते समाधान घेतलं होतं. वही भरली, नोंदणीचा फॉर्म तसाच राहिला.

मग स्वप्न बघू नका असं का? बघा. पण चित्राच्या शेजारी अडथळाही काढा, आणि तोसुद्धा स्वतःच्या आतला. "सरकार मदत करत नाही" हा अडथळा लिहू नका. "दुपारी जेवण झालं की मी फोन घेऊन आडवी होते आणि पाच वाजतात", हा लिहा. मग त्याला जोडून एकच वाक्य: जेवण झालं की फोन आईकडे देऊन मी ओटीवर वही घेऊन बसणार. कधी, कुठे, काय, एवढं नेमकं. हे "असं झालं की मी तसं करणार" पद्धतीचं वाक्य पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून आलं आहे आणि ते साध्या संकल्पापेक्षा जास्त चालतं.

तारीख जवळ आणायची कशी?

१९९२ मधला एक छोटा प्रयोग. एमॉस ट्वर्स्की आणि एल्डार शाफिर यांनी विद्यार्थ्यांना एक लांबलचक प्रश्नावली दिली. भरून आणली तर ५ डॉलर. काहींना ५ दिवसांची मुदत, काहींना २१ दिवसांची, काहींना मुदतच नाही. पाच दिवसवाल्यांपैकी ६० टक्क्यांनी आणून दिली. एकवीस दिवसवाल्यांपैकी ४२ टक्क्यांनी. मुदत नसलेल्यांपैकी २५ टक्क्यांनी. पैसे तेच, काम तेच, वेळ उलट जास्त!

आता तुमच्या यादीतली कामं बघा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे, मोफत आहे, केव्हाही करा. अन्नपदार्थांची नोंदणी केव्हाही करा. जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी केव्हाही करा. "केव्हाही" हाच सापळा आहे. म्हणून तारीख आपण बनवायची, आणि ती झाडावरून मागे मोजत बनवायची, मनाला येईल तशी नाही.

त्या मुलीबरोबर बसून आम्ही असंच मागे मोजलं. पहिले रातांबे साधारण मेच्या सुरुवातीला. म्हणजे बाटल्या, बूच, मीठ आणि फडकी एप्रिलच्या मध्यापर्यंत घरात हवीत. बाटल्यांची ऑर्डर मार्चमध्ये. ऑर्डर द्यायची तर किती मिलीची बाटली खपेल ते आधी कळायला हवं, म्हणजे दुकानदारांना फेब्रुवारीच्या आत भेटायला हवं. लेबलवर नोंदणी क्रमांक छापायचा असतो, म्हणजे नोंदणी लेबलच्या आधी. आणि फॉर्म भरला की लगेच क्रमांक हातात येईलच असं नाही. कागदात काही राहिलं तर पुन्हा फेरी. असं मागे-मागे येत "पुढच्या मे महिन्यात" या ढगातून "या गुरुवारी पत्त्याचा पुरावा आणि फोटो घेऊन महा ई-सेवा केंद्रात" एवढं काम खाली पडलं. गुरुवार डोळ्यांना दिसतो. मे दिसत नाही.

तारीख स्वतःच्या वहीत लिहिली तर ती स्वतःच खोडता येते. म्हणून दुसऱ्या कोणाला तरी द्यायची. तिने मामाला दिली. मामा आंब्याचा माणूस, त्याला "पुढच्या आठवड्यात" ही भाषाच कळत नाही.

आणि "पाहिजेच"चं काय? त्यासाठी तिला एलिसचा बाक दिला. गेल्या वर्षीच्या आगळाच्या तीन बाटल्या घरात होत्या. त्यातलं आगळ छोट्या डब्यांत घेऊन बारा ठिकाणी जायचं, फुकट चव द्यायची, विकायचं काही नाही. दुकानं, खानावळी, हायवेवरची हॉटेलं. यश कशाला म्हणायचं? बारा "हो" मिळवण्याला नाही. बारा ठिकाणी तोंड उघडण्याला. निकाल असा: पाच जण "ठेवून जा, बघतो" म्हणाले, म्हणजे नाहीच. दोघांना माल हवा होता पण उधारीवर. एका बाईंनी "मीठ जास्त झालंय" असं तोंडावर सांगितलं, आणि ते खरं होतं. एक जण हसला. दोघांनी सीझनला या म्हटलं. एका खानावळवाल्याने बाटलीऐवजी पाच लिटरचा कॅन मिळेल का विचारलं, जे तिच्या वहीत कुठेच नव्हतं.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "हसला त्याचं काय?" म्हणाली, "रात्री जेवताना आठवलं. मग नाही आठवलं."

एक गोष्ट राहिली. गेलेल्या सीझनचं काय करायचं? ती सारखी त्याच्यावर यायची: वर्ष फुकट घालवलं, मी अशीच. मायकल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास सांगतो, की पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपल्याकडे स्वतःला शिव्या घालणं म्हणजे सुधारणं असं मानतात. पण शिव्या घातल्या की ते काम आणखी नकोसं होतं, आणि नकोसं काम आणखी ढकललं जातं. माफ करणं म्हणजे "काही झालं नाही" म्हणणं नाही. एक सीझन माझ्या हातून गेला, हे वाक्य ठेवायचं. "म्हणून मी अशीच" हे शेपूट कापायचं.

आजची स्थिती सांगतो. नोंदणी झाली आहे. बाटल्यांचे दोन ठिकाणचे भाव आले आहेत, पाच लिटरच्या कॅनचाही आला आहे. मीठ कमी केलेलं आगळ आईने करून बघितलं, आईला आवडलं नाही, खानावळवाल्याला आवडलं. लेबल मात्र अजून झालेलं नाही. त्याची तारीख गेल्या शुक्रवारी होती. शनिवारी सकाळी तिचा फोन आला, "सर, शुक्रवार चुकला. नावाचे अक्षर कुठले घ्यायचे त्यातच तीन दिवस गेले." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाली, "मामाला सांगितलंय, साध्या अक्षरात सोमवारी प्रेसला देते."